वऱ्हाडातील मराठी टंकलेखन आणि लुप्त कळफलकांची पुनर्रचना

वऱ्हाड हे प्रांतनाम टंकलेखन यंत्रावर लिहिण्यास पाच आघात पुरतात. त्यांपैकी दुसऱ्या आघाताची कळ ज्या यंत्रावर नसेल त्या यंत्रावर मात्र हे नाव शुद्ध लिहिताच येत नाही. ही कळ आहे 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' या जोडाक्षरांच्या आरंभी येणाऱ्या, आडव्या व किंचित वाकलेल्या रेषेने दाखविल्या जाणाऱ्या अर्ध्या रकाराची. मराठी, कोकणी आणि नेपाळी लेखनात हे चिन्ह नित्य लागते. हिंदीला त्याची गरज नाही. देवनागरी टंकलेखन यंत्राचा इतिहास प्रामुख्याने हिंदीच्या गरजा समोर ठेवून लिहिला गेला असल्याने या एका कळेचा विचार त्यात क्वचितच येतो. परंतु अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कागद वाचावयाचे असतील, तर ते कोणत्या कळफलकावर उमटले हा प्रश्न केवळ यंत्रज्ञाचा राहत नाही. तो भाषाभ्यासकाचाही होतो.

या चिन्हामागील ध्वनिभेद मराठी व्याकरणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या दोन रूपांत घटकध्वनी तेच आहेत, परंतु पहिल्यात रकार मागील अक्षराशी बांधला जाऊन त्यावर आघात येतो, दुसऱ्यात तो पुढील यकारात मिसळतो आणि मागील अक्षर हलके राहते. 'दर्या' हा समुद्र, 'दऱ्या' या डोंगरातील. शासकीय पत्रव्यवहारात याहून अडचणीची जोडी म्हणजे 'सहकार्याने' आणि 'सहकाऱ्याने'. पहिल्या रूपात काम मदतीने झालेले असते, दुसऱ्यात ते एका विशिष्ट माणसाने केलेले असते. ज्या यंत्रावर हा भेद दाखविण्याची सोय नाही त्या यंत्रावरील पत्रात काम कोणी केले हे वाक्याच्या इतर भागांवरून ताडावे लागते.

शिवाय हे चिन्ह विरळ नाही. रकारान्त्य अंगाच्या नामांचे सामान्यरूप करताना मराठी व्याकरणच ते निर्माण करते: शेतकरी-शेतकऱ्यास, अधिकारी-अधिकाऱ्याने, कर्मचारी-कर्मचाऱ्यांचा, दुसरा-दुसऱ्या, सारा-साऱ्या. हिंदीत 'अधिकारी'चे अनेकवचनी रूप 'अधिकारियों' होते. तेथे इकार शाबूत राहतो आणि जोडाक्षराचा प्रश्नच उद्भवत नाही. 'अधिकारी' हा शब्द दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतला, पण मराठीने त्याला विभक्ती लावताच एक अशी खूण मागितली की जी संस्कृताच्या वर्णमालेत नव्हती. ज्या प्रदेशात शेतकरी, अधिकारी आणि कर्मचारी या तिघांवाचून कोणताही शासकीय कागद पुरा होत नाही, ज्याचे मुख्य पीक पऱ्हाटी आणि ज्याचे नावच वऱ्हाड, तेथे ही कळ नसणे म्हणजे पानोपानी अडणे होय.

यंत्राच्या रचनेकडे वळल्यास अडचणीचे मूळ स्पष्ट होते. लॅटिन लिपीसाठी घडविलेल्या यंत्रात साधारणतः ४४ ते ४६ कळा असतात. प्रत्येक कळेच्या दांडीवर एकाखाली एक असे दोन ठसे असल्याने एकूण ८८ ते ९२ चिन्हे उपलब्ध होतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरे लहान-मोठ्या दोन्ही रूपांत बसवून, अंक व विरामचिन्हे घालूनही येथे जागा उरते. देवनागरीच्या छपाईस मात्र शेकडो खिळे लागत. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा जो खटाटोप केला, किंवा सावरकरांच्या पुरस्काराने 'अ'च्या बाराखडीचा जो प्रयोग 'किर्लोस्कर' मासिकाने चालविला, त्यांच्या मागे हीच संख्येची टोचणी होती. छापखान्यात खण वाढविता येतात. टंकलेखन यंत्रात दांडी वाढविता येत नाही. तेव्हा बाहेरून ठरलेल्या नव्वद जागांत लिपी कशी मावेल, एवढाच विचार कळफलक आखणाऱ्यांना करता येत होता.

रेमिंग्टन पद्धती म्हणून जी मांडणी पुढे रूढ झाली तिने या प्रश्नाचे उत्तर मोठ्या चातुर्याने दिले. देवनागरीतील बहुसंख्य व्यंजनांच्या उजव्या अंगास उभा दंड असतो. तो दंड काढून घेतला की अर्धे व्यंजन उरते आणि परत जोडला की पूर्ण होते. आकाराचा काना हाही उभा दंडच आहे. म्हणून ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष, क्ष या अक्षरांचे केवळ अर्धे ठसे यंत्रावर ठेवले आणि त्यांना पूर्ण करण्याचे काम कान्याच्या कळेवर सोपविले. परिणामी 'खा' हे अक्षर लिहिताना काना दोनदा दाबावा लागतो: एकदा व्यंजन पुरे करण्यासाठी, एकदा स्वर दाखविण्यासाठी. ऱ्हस्व इकाराची वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येत असली तरी कागदावर डावीकडे असते, म्हणून ती आधी दाबावयाची. व्यंजनाच्या वर वा खाली बसणारी चिन्हे उमटताना गाडी पुढे सरकता कामा नये, म्हणून त्यांच्या कळा अचल ठेवावयाच्या. या मांडणीत अक्षराचे पृथक्करण उच्चाराच्या नियमांनी झालेले नाही, आकाराच्या नियमांनी झाले आहे. पाणिनीय परंपरेच्या वर्णविचारापेक्षा ती सुताराच्या किंवा ओतकाऱ्याच्या दृष्टीला अधिक जवळची आहे, आणि त्यात गौण काही नाही. नव्वद ठशांत देवनागरी बसविण्याचे काम ध्वनिशास्त्राने सुटले नसते.

लखनौ येथे १९५३ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे घेण्याची शिफारस केली होती. तसे झाले असते तर आघातांचा क्रम व उच्चाराचा क्रम निदान या एका बाबतीत जुळला असता. पण लोकांच्या डोळ्यांना ते रूप रुचले नाही आणि काही वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

या मांडणीची किंमत भाषेगणिक बदलते ही गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. हिंदी कामकाजासाठी रूढ झालेली रेमिंग्टन मांडणी संगणकावरील कृतिदेव या अक्षरसंचाच्या रूपाने आजही तपासता येते. तीत 'न' एका कळेवर पूर्ण मिळतो. 'ण' मात्र अर्धा ठसा आणि काना अशा दोन आघातांनी घडवावा लागतो. हिंदीच्या 'करना'तील शेवटच्या अक्षरास दोन आघात पुरतात, मराठीच्या 'करणे'तील शेवटच्या अक्षरास तीन लागतात. 'आणि' हा मराठीतील अत्यंत सामान्य शब्द घेतला तर अकार, काना, वेलांटी, अर्धा णकार आणि पुन्हा काना असे पाच आघात होतात. ळकार आहे, पण तो हकाराच्या कळेच्या वरच्या घरात, म्हणजे प्रत्येक वेळी शिफ्टची कळ दाबून मिळणारा. आणि अर्धा 'ऱ' नेहमीच्या घरांपैकी एकाही घरात नाही. हिंदी टंकलेखकाच्या दृष्टीने ही व्यवस्था निर्दोष आहे. मराठीसाठी घडविलेल्या यंत्रांत काही घरे बदलून ही उणीव भरून काढणे आवश्यक होते, आणि अशा यंत्रांच्या कळफलकांत यामुळेच भेद पडले. ते भेद यंत्रे मोडीत गेल्यावर कसे ओळखावयाचे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

वऱ्हाडच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होण्यास राजकीय कारणे आहेत. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेला हा प्रांत १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. वरिष्ठ कारभार इंग्रजीत चाले. गावपातळीवरील दफ्तर मराठीत आणि पुष्कळ अंशी मोडीत असे. मोडीचे वळण हात न उचलता लिहिण्याचे. सुट्या ठशांच्या यंत्राशी तिचे जमणे शक्यच नव्हते. स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश राज्यात हिंदी व मराठी या दोन भाषांना राजभाषेचे स्थान मिळाले. नागपूरच्या सचिवालयाच्या दृष्टीने दोन्हींची लिपी एकच होती. लिपी एक म्हणजे यंत्र एक, असे अनुमान करण्याचा मोह अशा वेळी फार सहज होतो. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे विदर्भाच्या इतर जिल्ह्यांसह मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. केवळ काही वर्षांच्या अवधीत त्याच कचेरीच्या वरची राजधानी, तिची भाषानीती आणि लेखनपरंपरा बदलली. यंत्रे मात्र राज्यपुनर्रचनेबरोबर बदलत नाहीत. लोखंडी यंत्र वीस-तीस वर्षे सहज चालते. म्हणून १९६५ चा कागद १९५२ च्या कळफलकावर उमटलेला असू शकतो, हे गृहीत धरूनच अशा कागदांकडे पाहावयास हवे.

भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये तयार केले, आणि पुढे भारतीय भाषांतील यंत्रेही या देशात बनू लागली. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम केला. मराठी टंकलेखनाची मागणी त्यामुळे वाढली. दर मिनिटास तीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होणे ही शासकीय लिपिकाच्या नोकरीची अट बनली. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी टंकलेखन संस्था निघाल्या. अकोल्यास १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ आणि अमरावतीस १९८३ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. त्या वेळचा प्रशासकीय कागद हा टंकलिखितच होता. पुढे गोदरेज कंपनीने २००९ च्या सुमारास उत्पादन थांबविले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात यंत्रावरील टंकलेखनाची शासकीय परीक्षा संपुष्टात आली. त्याबरोबर संस्थांतील यंत्रांचे प्रयोजनही संपले. पुष्कळशी भंगाराच्या वजनाने विकली गेली. उरलेल्यांपैकी काहींच्या कळांवरील अक्षरे पुसली आहेत, काहींच्या दांड्यांवरील ठसे दुरुस्तीच्या वेळी बदलले आहेत. ठसा दांडीला डाग देऊन बसविलेला असतो. तो उकलून दुसरा बसविणे कुशल कारागिरास अशक्य नसते. म्हणजे यंत्र समोर असले तरी त्याचा मूळचा कळफलक समोर असतोच असे नाही.

अशा स्थितीत कागद हाच यंत्राचा साक्षीदार ठरतो. जो शब्द कोठेच लिहून ठेवलेला नाही त्याचे पूर्वरूप भाषाशास्त्र भगिनीभाषांतील रूपांवरून मांडते. तसेच काहीसे येथेही करता येते. फरक एवढाच की येथे पुरावा पुष्कळ आहे आणि तो चुकांत दडलेला आहे.

एकाच यंत्रावरील पुरेशी पाने मिळाली की त्यांत येणाऱ्या भिन्न चिन्हांची गणना होते, हे उघड आहे. परंतु कोणते अक्षर अखंड ठशाचे आणि कोणते दोन आघातांनी घडविलेले, हे गणनेने कळत नाही. ते सांध्याने कळते. गाडी सरकविणारे दाते झिजले की दोन आघातांमधील अंतर विषम होते. मग 'ण'चा अर्धा भाग व दंड यांच्यात केसाएवढी फट दिसते किंवा दंड आधीच्या रेषेवर चढतो. 'न', 'म', 'त' ही अखंड ठशाची अक्षरे मात्र तशीच घट्ट राहतात. जुन्या, सैल यंत्राची पाने या दृष्टीने नव्या यंत्राच्या पानांपेक्षा अधिक बोलकी असतात. एखाद्या यंत्राच्या पानांवर 'ण' सर्वत्र निःसंधी आढळला, तर त्या कळफलकावर णकाराला स्वतंत्र घर होते, म्हणजेच ते यंत्र मराठीचा विचार करून घडविले होते, असे अनुमान बळकट होते.

कोणती दोन चिन्हे एकाच दांडीवर होती हे ठरविण्यास आणखी सूक्ष्म पुरावा आहे. वापराने दांडी किंचित वाकते आणि तिचा ठसा ओळीत थोडा तिरपा किंवा खालीवर उमटू लागतो. दांडी वाकली की तिच्यावरील दोन्ही ठसे सारखेच कलतात. एखाद्या पानावर 'ज्ञ' जितका उजवीकडे झुकलेला आहे तितकाच कानाही झुकलेला आढळला, आणि दुसरे कोणतेही चिन्ह तसे नसले, तर ते दोघे एका दांडीचे सोबती मानण्यास हरकत नाही. टंकलिखित कागदाच्या न्यायालयीन तपासणीत हे तत्त्व यंत्राची ओळख पटविण्यासाठी वापरले जाते. कळफलक शोधणाऱ्यास ते तितकेच उपयोगी आहे. शिफ्टची कळ अर्धवट दाबली गेली तर चिन्ह ओळीपासून सरकते आणि त्याच्या जोडीदाराचा अंशही कधी कागदावर उमटतो. ती मुळीच दाबली गेली नाही तर वरच्या चिन्हाच्या जागी खालचे येते. भराभर लिहिताना शेजारच्या दोन दांड्या अडकल्या तर दोन फिकट ठसे एकावर एक पडतात आणि त्यांचे सान्निध्य उघड करतात. हुषार टंकलेखक खोडरबराने या खुणा पुसतो. अभ्यासकाला त्यामुळे उमेदवार टंकलेखकांची पाने अधिक मोलाची. अंतिम प्रतीपेक्षा कार्बन प्रतीही अनेकदा जास्त सांगतात, कारण वरच्या पानावरील दुरुस्ती खालच्या पानावर नेहमीच केली जात नाही.

बोलीच्या अभ्यासात याचे महत्त्व काय, ते एका उदाहरणाने पुरेसे स्पष्ट व्हावे. वऱ्हाडी बोलीत प्रमाण मराठीच्या ळकाराच्या जागी यकार येतो: डोळा-डोया, काळा-काया, केळी-केयी. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. वऱ्हाडीची नोंद तेव्हापासून विद्वानांसमोर आहे. आता समजा, लोककथांच्या एखाद्या टंकलिखित संग्रहात 'डोया', 'डोळा' आणि 'डोहा' अशी तिन्ही रूपे आली. पहिले बोलीचे, दुसरे प्रमाण मराठीचे, हे सहज कळते. तिसऱ्याचे काय? कळफलकाची माहिती नसलेला वाचक येथे हकाराचा एक नवाच ध्वनिविकार कल्पील आणि त्याचा भौगोलिक विस्तारही आखू लागेल. वर सांगितलेल्या मांडणीत ळकार हकाराच्या कळेवरच आहे हे ज्ञात असेल, तर 'डोहा' हे शिफ्ट न दाबल्याचे फळ आहे आणि त्या ठिकाणी टंकलेखकाच्या मनात 'डोळा' होते, असा निर्णय देता येतो. उलट 'डोया'तील यकार त्याच न्यायाने बोलीचाच ठरतो, कारण ळकार चुकून यकार उमटावा अशी या मांडणीत घरांची रचना नाही. परंतु हा सारा निर्णय त्या यंत्राची मांडणी तीच होती यावर अवलंबून आहे. मांडणी गृहीत धरून चुका समजाविणे आणि त्याच चुकांवरून मांडणी सिद्ध करणे असा अन्योन्याश्रय टाळावयाचा, तर मांडणीचा पुरावा दांडीच्या कलावरून घ्यावा, चुकांवरून नव्हे.

अर्ध्या 'ऱ'ची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण येथे चूक आणि नाइलाज यांची सरमिसळ होते. ज्याच्या यंत्रावर ती कळ नाही त्या टंकलेखकास रफार देऊन 'शेतकर्यांना' लिहिता येते, जागा मोकळी सोडून ती खूण शाईने भरता येते, किंवा संयोगरेषेला यकार भिडवून त्या आकाराचा भास निर्माण करता येतो. शेवटची युक्ती भिंगाखाली उघडी पडते: संयोगरेषा सरळ असते, खऱ्या ठशाची रेषा वाकलेली. या तीन मार्गांपैकी कोणता मार्ग कोणत्या कचेरीत व कोणत्या वर्षापर्यंत दिसतो याची नोंद झाली, तर हिंदी मांडणीची यंत्रे मराठी कामकाजातून केव्हा हटली याचा कालपट हाती येईल. कागदावर तारीख नसल्यास शुद्धलेखनाचीही मदत होते. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये केलेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. 'करणें', 'केलें' अशा रूपांच्या डोक्यावरील टिंबे पुढील काळात कमी होत जातात. अनुस्वार हा अचल कळेचा स्वतंत्र आघात असल्याने ही सुधारणा टंकलेखकाच्या बोटांना जितकी सुखावह झाली असेल तितकी वैयाकरणांना झाली असेलच असे नाही.

हरवलेला कळफलक परत उभा करण्याचा हा उद्योग टंकलेखन यंत्रापुरता मर्यादित नाही. जुन्या इलेक्ट्रॉनिक मापनयंत्रांचे जतन करणारे अभियंतेही आज याच पेचात आहेत. १९८० च्या सुमारापासून अनेक परीक्षण-उपकरणांना सुटा कळफलक जोडण्याची सोय असे. उपकरण जपले गेले, कळफलक हरवला. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या काही तर्कविश्लेषक यंत्रांना त्या कंपनीची स्वतःची एचआयएल नावाची जोडणी लागे. नेहमीच्या संगणकाचा कळफलक तेथे चालत नाही. अशा वेळी उपकरण कोणत्या संकेताची अपेक्षा करते हे त्याच्या बाजूने तपासून, लहान सूक्ष्मनियंत्रकाच्या साहाय्याने तो संकेत पुरविणारा नवा कळफलक घडविला जातो. ज्या कळफलकांत कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळ्यावर बसविलेल्या असतात, तेथे कोणती कळ कोणत्या दोन तारांचा संयोग घडविते याचे कोष्टक मांडले की काम निम्मे होते. येथेही कळेवर छापलेले अक्षर हा पुरावा नव्हे. ती दाबल्यावर पलीकडे काय पोचते तो पुरावा. अभियंत्याचे उपकरण तरी चालू असते व प्रत्येक प्रयोगाला उत्तर देते. कागद एकदाच बोललेला असतो.

कळेचे आणि चिन्हाचे नाते संकेताचे असते, आणि संकेताची किल्ली हरवणे ही गोष्ट वऱ्हाडला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे श्रेष्ठ स्थान. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. देवनागरीच्याच अक्षरांची आणि चिन्हांची नियमबद्ध अदलाबदल हे त्यांचे स्वरूप. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी तिचा उलगडा होईपर्यंत मराठीतील आद्य गद्य सामान्य अभ्यासकांना बंदच होते. तेथे गुप्तता हेतुपूर्वक होती. टंकलेखन यंत्राच्या मांडणीत गुप्ततेचा हेतू कोणाचाच नव्हता; तरी संगणकाच्या पहिल्या पर्वात तिचे रूप सकळ लिपीसारखेच झाले.

ते असे. रेमिंग्टन पद्धतीची सवय असलेल्या टंकलेखकांसाठी संगणकावर जे अक्षरसंच आले त्यांनी कळफलक तोच ठेवला आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार रंगविले. संगणकाच्या स्मृतीत साठविली गेली ती इंग्रजी अक्षरेच. कृतिदेव संचात लिहिलेले 'अकोला' हे नाव स्मृतीत व्ही, डी, के, एस, वाय, के असे असते. 'अमरावती' हे व्ही, ई, जे, के, ओ, आर, एच असे. तो संच यंत्रावर नसला की पडद्यावर ही निरर्थक अक्षरावळ दिसते. अकोल्याच्या ओकारासाठी दोन अक्षरे का, याचे उत्तर पुन्हा जुन्या यंत्राकडे जाते: काना आणि मात्रा हे दोन आघात आहेत. प्रत्येक संचाची मांडणी थोडी वेगळी असल्याने एका संचातील मजकूर दुसऱ्यात उघडला तर मुख्य अक्षरे जुळतात आणि विरळ चिन्हे बिघडतात. विरळ चिन्हे हिंदीच्या दृष्टीने विरळ, म्हणजे मराठीची नेहमीची. १९९० नंतरच्या दोन दशकांतील असा पुष्कळ मजकूर आज वाचावयाचा असेल तर संचाचे कोष्टक, म्हणजे पर्यायाने कळफलक, हाती असल्यावाचून गत्यंतर नाही.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आखलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाने मात्र आकाराचे तत्त्व सोडून वर्णाचे तत्त्व स्वीकारले. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, अल्पप्राण खाली आणि त्याचा महाप्राण त्याच कळेवर वर. वेलांटी व्यंजनानंतर दाबावयाची. ती डावीकडे नेऊन बसविणे हे यंत्राचे काम. लखनौच्या परिषदेस जे लोकांच्या डोळ्यांना दुखवून साधता आले नाही ते येथे डोळ्यांना न कळत साधले. 'आणि'चे पाच आघात तिनांवर आले. तथापि ज्यांची बोटे रेमिंग्टनवर घडली होती त्यांनी ही मांडणी सहजासहजी स्वीकारली नाही, आणि याबद्दल त्यांना दोष देणे योग्य नाही. परीक्षेसाठी घोटलेली बोटांची स्मृती तर्काने बदलत नाही.

इनस्क्रिप्टवर 'ऱ'ला रकाराच्या कळेच्याच वरच्या घरात जागा मिळाली. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित झाली. तरीही युनिकोडमध्ये हे चिन्ह दोन रीतींनी लिहिता येते: स्वतंत्र 'ऱ' व हलन्त यांनी, किंवा नेहमीचा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. जुन्या सवयीने रफार देऊन लिहिलेले तिसरे रूपही सर्वत्र आढळते. अमरावती वा अकोला येथील एखाद्या ग्रंथसूचीत या प्रांताच्या नावाने शोध घ्यावयाचा झाल्यास तो आज तीन वेळा, तीन वेगवेगळ्या लेखनांनी घ्यावा लागतो, आणि टंकलिखित कागदांवरून उतरविलेल्या नोंदींपुरता चौथ्यांदा, अर्धा रकार सर्वथा गळालेल्या रूपानेही.